आप्पांची रंगीत तालीम

आमचे आप्पा बँकेतल्या लोकांना त्यांची वाक्यं सांगतात.

म्हणजे असं, की कुठेही जायच्या आधी आप्पा ते सगळं डोळे मिटून बघून घेतात. बँकेत जायचं असलं की आदल्या दिवशी चाळीच्या गॅलरीत स्टुलावर बसतात, चष्मा खिशात ठेवतात आणि जागेवरूनच बँकेत जाऊन येतात. दारावरचा वॉचमन, लाईन, काउंटरवरची बाई, सगळं त्यांना दिसतं. प्रत्येकाची वाक्यंही तेच बोलतात, तीही मोठ्याने. मागच्या वेळी खऱ्या बँकेतली खरी बाई म्हणाली, "पासबुक द्या." आप्पा हळूच म्हणाले, "मॅडम, त्याच्या आधी 'बोला काका' आहे."

मी शेजारीच उभा होतो. बाईने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. लाईनीतून कोणीतरी म्हणालं, "ताई, बोला ना एकदा, आम्हाला सोडवा." बाई म्हणाली, "बोला काका." मग काम झालं.

याला आप्पा रंगीत तालीम म्हणतात. ते गिरणीत होते, पण ती त्यांच्या मते पोटापाण्याची भानगड. खरं काम प्रॉम्प्टरचं. गिरणगावात कामगारांची नाटकं व्हायची, तेव्हा विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. स्वतः स्टेजवर एकदाही आले नाहीत. "नट काय रे, नुसता उभा असतो. नाटक आपल्याकडे असतं."

मी गोंदियाकडचा. आठवी अर्धी टाकून मुंबईला आलो आणि दादरच्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागलो. चाळीत सगळे मला 'नागपूर' म्हणतात. गोंदिया वेगळं, हे सांगून सांगून थकलो. लालबागची ही खोली आप्पांच्या कोकणातल्या गावाच्या मंडळाची. गावच्याच माणसांनी राहायचं असा नियम. पण गाववाले एकेक करून बायकापोरं घेऊन विरारला नाहीतर दिव्याला गेले. खोलीत भिंतीवरच्या खुंट्या उरल्या आणि आप्पा उरले. त्यांनी लग्नच केलेलं नाही. मला ठेवून घ्यायचं ठरलं तेव्हा मंडळाच्या मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, "पोरगा आपल्याच गावचा आहे. जन्म फक्त लांब झाला." या एका वाक्यावर मी आजपर्यंत छपराखाली आहे.

मी जन्माचा घाबरट. शेठने नुसतं नाव घेतलं तरी हातातली साडी सुटते. बहिणीच्या लग्नाला आठवडाभर सुट्टी हवी होती, तेव्हा दोन दिवस जेवण जात नव्हतं. आप्पांनी मला समोर उभं केलं.

"डोळे मिट. शेठ दिसतो?"

"दिसतो."

"काय करतोय?"

"माझ्याकडे बघतोय."

"त्याला सकाळच्या लाईनीत उभा कर. कमरेला टॉवेल, हातात टमरेल आणि पुढे चार माणसं. दिसला?"

दिसला. आमच्या चाळीच्या संडासासमोर शेठ या पायावरून त्या पायावर होत होता.

"आता माग सुट्टी. नाय म्हणायला त्याला फुरसत नाय."

मग आप्पा स्वतःच शेठ झाले आणि असं काही बोलले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मालूकाकी पीठ लागलेल्या हातांनी आल्या. "आप्पानू, पोराक कित्याक रडयतास?"

"तालीम चाललीय, मालू. मध्येच एन्ट्री नको."

दुसऱ्या दिवशी खरा शेठ म्हणाला, "जा, पण वेळेवर ये." इतका प्रेमळ माणूस मी दादरमध्ये बघितला नव्हता.

आप्पांचा नियम एकच. तालीम अर्ध्यावर सोडायची नाही. "पडदा पडेपर्यंत बघायचं. घाबरट माणूस मधल्याच सीनला उठून पळतो आणि मग जन्मभर त्याच सीनमध्ये राहतो."

हे सांगणाऱ्या आप्पांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता आणखी थांबलात तर डोळा जाईल. आप्पांनी ऑपरेशनची तारीख घेतली आणि त्या दिवशी "तालीम कच्ची आहे" म्हणून घरीच बसले. पुढची तारीखही तशीच गेली. इकडे स्टुलावर मात्र रोज ऑपरेशन चालू. पेशंट तेच, नर्स तेच, डॉक्टर तर इंग्लिशही बोलायचा. मालूकाकी म्हणायच्या, "मेल्याचो डोळो रोज काढतत आणि रोज बसयतत."

आम्ही हसायचो. मग चहा कपाच्या शेजारी पडायला लागला. एकदा मी समोरून आलो, तर त्यांनी मला "कोण पायजे?" असं विचारलं.

पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळी तालीम ऐकली. थेंब घातले. ऑपरेशन झालं. पट्टी लागली. "हळू उठा काका," नर्स म्हणाली. व्हीलचेअर निघाली, दार उघडलं. आणि आप्पांनी डोळे उघडले. खिशात चष्मा चाचपडायला लागले.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय. झालं."

"पडदा कुठे पडला?"

"दाराबाहेर बाकडं असतं," ते म्हणाले. "पेशंट बाहेर आला की तिथून कोणतरी उठतं. सगळ्यांचं उठतं. आपल्याकडे त्या पार्टला माणूसच नाय."

"मी बसतो ना, आप्पा."

"वाक्य आहे त्याला."

"काय?"

"'आप्पा, चला घरी.' एवढंच. पण वेळेवर पडलं पायजे."

मी पाठ केलं. दुकानात घड्या घालताना तेच पुटपुटत होतो. एक बाई म्हणाली, "जरा पदर उलगडून दाखवा," तर मी म्हणालो, "चला घरी." शेठने मला दोन दिवस गोदामात पाठवलं.

नव्या तारखेला आप्पा ऑपरेशनला आत गेले. दार बंद झालं आणि मी बाकड्यावर बसलो. छाती अशी उडत होती की शेजारची बाई सरकून बसली. मी डोळे मिटले आणि आख्ख्या हॉस्पिटलला टमरेल वाटले. डॉक्टर, नर्सा, वॉर्डबॉय, सगळ्यांना उभं केलं. लाईन जिन्यावरून खाली रस्त्यावर गेली, तरी काही उपयोग होईना.

दार उघडलं. व्हीलचेअरवर आप्पा होते, ढगळ हिरव्या कपड्यात, तालमीतल्यापेक्षा बरेच लहान. वॉर्डबॉयने विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे?"

मी उठलो. तोंड उघडलं आणि वाक्य गेलं. साफ गेलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी नुसता उभा होतो.

आप्पांनी पट्टी नसलेला डोळा माझ्यावर ठेवला. ओठ हलले न हलले. आवाज फक्त माझ्यापर्यंत पोचेल एवढाच आला.

"आप्पा, चला..."

"घरी," मी म्हणालो.