भुलाबाईची आई

माही बायको कौसल्या गेली, त्याच्या आदल्या दिवशीही तिनं मले लुगडं नेसवलं. अंगणात पाटावर बसवलं, डोक्यावर पदर देला अन् म्हणे, "हालू नका."

"तू त झोपेतही हालते. मीच काहून दगड होऊ?"

हसू येत असन त हसा. कौसल्या भुलाबाईच्या मूर्ती करे. भुलाबाई म्हणजे पार्वती. भादव्यात माहेरी येते, अन् आसेगावच्या पोरी तिची मातीची मूर्त मांडून महिनाभर गाणे म्हणतात. बाकीच्यायची भुलाबाई फोटो काढाले बसल्यावानी ताठ. हिची पाय पसरून बसलेली, नाही त तळव्यातला काटा काढून राह्यलेली. पोट सुटलेलं.

एकदा पाटलीणबाई भांडाले आली. "अवं कौसल्या, देवीच्या टाचेले भेगा काहून?"

"वावरातून पायी आली, मोटारनं नाही. अन् माहेरी पाठ ताठ करून कोण बसते? तुमी बसता?"

पाटलीणबाईनं मूर्त फिरवून फिरवून पाह्यली, पदराखाली झाकली अन् घरी नेली.

सोताची पाठ सोताले दिसत नाही, म्हून मूर्तीचे सारे सोंगं आधी माह्यावर करून पाहे. त्या लुगड्याच्या दिवशी शेजारचा रहीमभाई टेलर डोकावला, "भाभी, नयी बहू लाये क्या?"

"बहू नाही, भुलाबाईची आई हाय. मिशी तेवढी पाहू नका."

केस सोडून बसलेली भुलाबाई झाली होती. मागं बसून तिले तेल लावणारी आई कराची राह्यली होती. म्या म्हटलं, "आईची मूर्त कोणी करते का?" ती वेणी सोडून माह्या पुढ्यात बसली. "तेल लावा."

मी लावलं. डोळे मिटून, मातीनं भरलेल्या हातानं ती माहे बोटं चाचपे, अन् तसेच मातीत काढे. ऊन भिंतीवरून उतरलं, कोंबड्या खुराड्यात गेल्या, आमी तसेच.

"तुही माय अशीच होती का?"

"मले कुठं याद हाय? मी रांगत होती तवाच गेली. म्हून त तुमाले बसवलं."

आईचा एक हात राह्यला. "उद्या लावीन," म्हणे.

सकाळी उठलीच नाही. घर बायायनं भरलं. आत तिले आंघोळ घालून राह्यल्या होत्या. ओली माती कोणासाठी थांबत नाही, उन्हानं तडकते. मी अंगणात बसलो, गोळा घेतला, दुसरा हात केला अन् लेकीच्या केसायवर ठेवला. मायचा वाटत नाही. जाडा झाला, गड्याचा. तसाच राहू देला.