बहात्तर पायऱ्यांचा गड आणि उभय व्याह्यांची दौड

श्री. सर्वांच्या श्वासाचा जो एकच धनी, त्यास आधी दंडवत. आणि त्याने दिलेला तो श्वास दुसऱ्या मजल्यावरच ज्यांचा संपतो, अशा पन्नाशी उलटलेल्या समस्त गृहस्थांस नमस्कार. सज्जन श्रोत्यांनी चित्त देऊन परिसावे. टेलरमास्तरांनी बहात्तर पायऱ्यांचा गड कैसा सर केला, त्या कामी कोण फितूर जाहले आणि कुमक कोठून आली, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. गाळले म्हणावे तर दोन-चार जागचे धापा टाकणे गाळले, इतकेच.

राजमान्य टेलरमास्तर, वय वर्षे चौपन्न, शिलाईयंत्रापुढे तीस वर्षे ठाण मांडून, कात्री ज्यांचे हाती व टेप ज्यांचे गळा अखंड शोभे, त्यांस रस्त्यावरील लहानथोरांचे कमरेचे माप मुखोद्गत होते. फक्त एका कमरेचे माप घेणे ते दहा वर्षे टाळीत आले होते, आणि ती कमर त्यांची स्वतःची. विजार आवळू लागली म्हणजे कोणास न कळत मागील शिवण उसवावी, आत दाबलेले कापड मोकळे करावे, आणि हल्लीचे कापड धुण्यात आटते ऐसे जाहीर करावे, असा कारभार चालिला होता. आणि सर्व विजारींचे आतले कापड संपुष्टात आले, तरी कारभाऱ्यास जाग नव्हती.

अशात एकुलती एक कन्या त्याच रस्त्याचे दुसऱ्या टोकास दिली. घर उत्तम, माणसे उत्तम, जावई सोन्यासारखा. परंतु घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीस लिफ्ट नाही. मास्तर प्रथम त्या गडावर चालून गेले तेव्हा दुसऱ्या मजल्याचे वळणावर, कोण्या परक्याचे दाराबाहेरील स्टुलावर कोसळले, आणि वरून व्याहीमंडळी कठड्यावर ओणवून 'सावकाश या, घाई नाही' ऐसे प्रेमाने म्हणती, ते प्रेम मास्तरांस तोफेच्या गोळ्यासारखे लागले. मग कसेबसे दारात पोहोचले आणि 'नमस्कार' हा चार अक्षरांचा शब्द तीन तुकड्यांत बोलिले. विहीणबाईंनी पंखा मोठा केला, जावयाने पाणी आणिले, आणि कन्या मान खाली घालून उभी राहिली. ती खाली गेलेली मान मास्तरांचे काळजात रुतली. त्या दिवसापासून त्या गडाचे वाटेस जाणे नाही. आज गिऱ्हाईकांची गर्दी, उद्या यंत्र बिघडले, परवा पाऊस होईलसे वाटते. येणेप्रमाणे सबबी रचिता रचिता वर्ष सरले.

मग एके दिवशी कन्या दुकानी आली आणि बापाने पुढे केलेल्या बाकावर न बसता उभ्याउभ्याच बोलिली.

"बाबा, माझ्या घरचे पडदे तुम्ही शिवलेत. पण लावलेले बघितले नाहीत अजून. वर्ष झालं."

इतके बोलून गेली. मास्तरांचे यंत्र त्या दिवशी पुन्हा चालिले नाही.

दुसरे दिवशी मोहीम मुक्रर जाहली. पहाटे उठोन पाण्याच्या टाकीस वळसा घालून धावत परतावे, आणि छातीचा भाता मजबूत होताच गडावर स्वारी करावी, ऐसा बेत ठरला. बूट आणिले, पांढरे, हिरव्या पट्ट्याचे. घड्याळास गजर लाविला. मोबाइलवर एक सडपातळ तरुण व्यायामास रोज फक्त दहा मिनिटे मागतो, त्याचे व्याख्यान मास्तरांनी रोज चाळीस मिनिटे पडून ऐकिले. मग ध्यानी आले की धावण्यास योग्य पोशाख नाही. सबब दुकानातील करड्या सुटिंगचे कापड काढून आपल्या हाते धावण्याचा सूट शिवावयास घेतला. त्यास अस्तर दिले, इस्त्रीची घडी दिली, चोरखिसा दिला, आणि या सरंजामात तीन आठवडे गेले. मास्तरीणबाईंनी इतकेच म्हटले की या घरात सगळ्यांत जास्त आराम त्या बुटांना आहे. रोज गजर होई, मास्तर तो गनीम समजोन एका थापेत गारद करीत, आणि पांघरुणाशी पूर्वीचा सलोखा कायम राही.

आता येथे ईश्वरी लीला कैसी होते पाहावी. मास्तरांचे व्याही, म्हणजे कन्येचे सासरे, कचेरीत हेडक्लार्क. फायलीवर 'पाहिले' ऐसा शेरा मारण्यात जन्म गेलेला. तेही वयाने तितकेच आणि घेराने काकणभर अधिक. जिना ते रोज चढत, परंतु प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांची ख्यालीखुशाली पुसत, म्हणजे दमही मिळे आणि माणूस मोठा प्रेमळ असा लौकिकही होई. ते सदऱ्याचे माप देण्यास दुकानी आले, तेव्हा करडा सूट टांगलेला दिसला, आणि हे काय म्हणोन पुसते जाहले. मास्तरांनी सांगितले की आम्ही पहाटे पळतो. आणि व्याह्यास रिकाम्या हाती पाठविणे बरे नव्हे म्हणोन केवळ रीतीखातर पुढे जोडिले की आपणही या की एकदा. व्याह्यांनी मनात म्हटले की सुनेचा बाप, नाही म्हणावे तर सून काय म्हणेल, सबब केवळ रीतीखातर उत्तर केले की अवश्य, उद्यापासूनच. दोघांसही खातरी की दुसरा येणार नाही. तरी मुलीकडचे म्हणोन मास्तरांनी त्याच कापडाचा दुसरा सूट रातोरात शिवून मानाने पोहोचता केला, आणि मग व्याह्यांस पळून जाण्याची वाट राहिली नाही. पळणे आले.

सकाळी साडेपाचास उभय सरदार एकाच करड्या पोशाखात औषधाच्या दुकानापाशी उभे ठाकले. दूधवाल्यास वाटले की रस्त्यास रखवालदार नेमिले; त्याने सलाम केला. मग कूच जाहले. दोनशे पावलांवर मास्तरांचा डावा गुडघा उघड बंड करोन उठला, व्याह्यांचे उजवे पायास गोळा आला, आणि फत्ते दूर राहून शिकस्त समोर दिसू लागली. परंतु व्याह्यासमोर मी दमलो हे कोणी म्हणावे? मग व्याही एकाएकी थांबोन म्हणाले, मास्तर, ते झाड पाहिलेत? मास्तरांनी ते झाड मुळापासून शेंड्यापर्यंत पाहिले. पुढे मास्तरांनी एका दुकानाची पाटी दाखविली, ती व्याह्यांनी दोनदा वाचिली. त्या संबंध मोहिमेत दमला म्हणोन कोणी थांबल्याची नोंद नाही. जे थांबले ते काही ना काही पाहावयास थांबले. एका महिन्यात उभयतांस त्या रस्त्याची जी माहिती जाहली, ती नगरपालिकेसही नसेल.

एकेचाळिसावे दिवशी कठीण प्रसंग आला. धुके ऐसे की हातास हात दिसेना, आणि थंडीने हाडे वाजती. मास्तरांनी पांघरुणाशी मसलत केली की ऐशा दिवशी व्याही काही येत नाहीत. परंतु आले आणि आपण नसलो, तर मुलीच्या सासरी तोंड काय दाखवावे? सबब कोपऱ्यापर्यंत जाऊन हळूच पाहावे, व्याही नसले म्हणजे निर्मळ मनाने परत येऊन निजावे, ऐसे ठरवून मास्तर शाल पांघरून, चपला घालून निघाले आणि औषधाच्या दुकानाआड दबा धरिला. तो समोर टपालपेटीआड कोणी हालले. पाहतात तो व्याही. डोईस मफलर, अंगात झोपावयाचा सदरा, पायी घरातल्या सपाता. उभयतांची नजर एक जाहली.

"या, या मास्तर," व्याही म्हणाले, "मी केव्हाचा तुमची वाट पाहतोय."

"मीही त्याचसाठी लवकर आलो, साहेब."

आणि त्यानंतर दुसरे काही बोलावयास जागा न उरल्यामुळे उभय वीर शालीनिशी, सपातांनिशी टाकीकडे धावत सुटले. व्याख्यान हरले, गजर हरला, बूट हरले. देवाने माणसास निश्चय चिमूटभर दिला, परंतु भीड पोतेभर दिली. आणि ज्यास सर्वांची काळजी, तो भिडेच्याच दोरीने धरोन माणसास काठास लावितो, हे तेथे प्रत्ययास आले.

येणेप्रमाणे पाच महिने लोटले. झाडे पाहणे कमी जाहले. पाट्या न वाचताच मागे पडू लागल्या. एके दिवशी मास्तरांची विजार घसरली, तेव्हा त्यांनी दार लावून, वर्षानुवर्षे मोकळे केलेले कापड पुन्हा आत दाबिले आणि शिवण घातली. बाहेर येऊन मास्तरीणबाईंस म्हणाले की रविवारी पोरीकडे जाऊ.

रविवारी दहाचे सुमारास गडाचे पायथ्याशी दाखल जाहले. मास्तरीणबाई मागे, मास्तर पुढे. पहिला मजला सहज घेतला. दुसऱ्याचे वळणावर ते जुने स्टूल तसेच होते. गुडघा स्टुलास सामील होऊ पाहत होता, परंतु मास्तरांनी स्टुलाकडे ओळख न दाखविता पाऊल पुढे टाकिले. तिसऱ्या मजल्यावर छातीत नौबत झडू लागली. वरून व्याही ओणवून पाहत होते. आज ते 'सावकाश या' म्हणाले नाहीत, ओठ घट्ट मिटून मनात पायऱ्या मोजीत होते. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. दार उघडे. दारात कन्या. मागे विहीणबाई, पंख्याचे बटणावर हात ठेवून. मास्तर उंबऱ्यावर उभे राहिले, एकवार श्वास घेतला, आणि नजर थेट खिडकीकडे गेली.

"तो डावीकडचा पडदा उलटा लावलाय," मास्तर म्हणाले. "शिवण बाहेर आलीय."

एवढे संपूर्ण वाक्य, मध्ये कोठे तुटले नाही, अक्षर सांडले नाही. विहीणबाईंचा हात बटणावरून खाली आला.

कन्या म्हणाली, "माहीत आहे. शिंप्याची मुलगी आहे मी. तुम्ही येऊन सांगाल म्हणून दीड वर्ष तसाच ठेवलाय."

त्या वेळी जो श्वास अडकला तो जिन्याचा नव्हे, हे सर्वांनी जाणिले. खुर्चीवर चढोन त्यांनी आपल्या हाते पडदा सुलटा केला, आणि कन्या खुर्ची धरोन उभी राहिली, मान वर करून.

चहा जाहला. मग मास्तरांनी व्याह्यांस एकीकडे घेऊन अर्ज केला की आमचे काम फत्ते जाहले; आपण आमच्यासाठी पाच महिने कष्ट सोसलेत, आता उद्यापासून आपणांस मोकळीक असावी. व्याह्यांचे मुखावर क्षणभर सुटकेचा प्रकाश फाकला. परंतु मुलीच्या बापाने मोकळीक द्यावी आणि आपण लगेच घ्यावी, हे रीतीस धरोन नव्हे. सबब म्हणाले की छे, मला तर गोडी लागली, आपणच दमला असाल तर राहू द्या. मास्तर म्हणाले की मी कसला दमतोय. व्याही म्हणाले की मग उद्या साडेपाच. मास्तर म्हणाले की साडेपाच.

आतल्या खोलीत सासू-सुना हे ऐकत होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि तोंडास पदर लाविला, इतकेच दप्तरी आहे.

शके चालू, रोज रविवार, सकाळचे प्रहरी बहात्तर पायऱ्यांचा गड एका दमात सर जाहला. पडदा सुलटा जाहला. तह दोन्ही पक्षांस नामंजूर असता दोन्ही पक्षांनी आनंदाने कायम केला. सोमवारी धुके होते. दोघेही बूट घालून आले. लेखनसीमा.