मागचं बी वाचा

शेवंताआत्या आसपास असली की आमच्या गल्लीत कुणाला सुखानं सही करता येत नाही. कुरिअरवाला आला, मी पेन हातात घेतलं, की समोरच्या ओट्यावरून आवाज येतो, "गुरुजी, वाचलं का? मागचं बी वाचा." मागे काही नसतं. तरी कागद उलटून तिला दाखवावा लागतो. त्यावर ती म्हणते, "कोरा हाय? मग तर करूच नगा."

स्वतःच्या पुतणीच्या लग्नाच्या नोंदणीला तर तिनं नवरदेवाच्या हातातून पेनच काढून घेतलं आणि सगळा फॉर्म मोठ्यानं वाचायला लावला. सासरची मंडळी तोंडं वाकडी करून उभी. वाचता वाचता निघालं, की नवऱ्याच्या रकान्यात नवरीच्या मामाचं नाव पडलंय. तेव्हापासून आत्याला अडवायची सोयच राहिली नाही.

तिचं दुसरं खूळ याहून जबर. आमचं औसा समुद्रापासून कोसो दूर. इथं मासा दिसतो तो बाजारात, बर्फावर पडलेला. उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. अशा गावात आत्याला मासळीच्या कारखान्यात आणि बोटीवर जखमी झालेल्या कामगारांचे हक्क तोंडपाठ. टँकरच्या रांगेत कुणाच्या पायावर घागर पडली तरी चौकशी सुरू, "ड्युटीवर हुतास का? कुणी बघितलं? मुकादम कोण?"

टँकरचा ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला, "आत्या, मी टँकर चालवतो, जहाज न्हाई."

"मग काय झालं? हात तुटायचा तर कुठं बी सारखाच तुटतो. मुकादमानं कामाला लावलं म्हनून मालक सुटत न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात हे सगळं सुरू झालं. रानात काम नव्हतं. एक मुकादम आत्याला आणि तिच्या शेजारणीला, मैनाला, कोकणात कोळंबी सोलायला घेऊन गेला. "एवढं पानी बघितलं गुरुजी, अन् घोटभर पिता येईना," असं सांगून आत्या स्वतःच हसते. सहा महिन्यांनी दोघी परतल्या तेव्हा मैनाचा उजवा हात मनगटापासून नव्हता. बर्फ फोडायच्या मशीनमध्ये गेला होता.

पुढच्याच भीमजयंतीला पुस्तकांच्या स्टॉलवरून आत्यानं कामगार भरपाईच्या कायद्याची पुस्तिका आणली आणि माझ्या दारात उभी राहिली. वय पन्नाशीच्या पुढं, अक्षरओळख शून्य. मी अंकलिपी काढली. "कमळ नगं अन् खटारा नगं. टाईम न्हाई. ह्यातलंच शिकवा." तीस वर्षांच्या मास्तरकीत इतका उद्धट विद्यार्थी मला मिळाला नव्हता, आणि इतका चिवटही. 'आई' लिहिण्याआधी ती 'नुकसानभरपाई' लिहायला शिकली. तिसऱ्या वर्षी तीच मला शिकवू लागली, "अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो. कोकणात जायाचं काम न्हाई. उशीर झाला तर खरं कारण सांगायचं. आपला नवा जिल्हा हायच की." तिच्या लहानपणी जिल्हा उस्मानाबाद होता, म्हणून लातूर तिला अजून नवंच वाटतं.

मैनाचा अर्ज तिनंच करायला लावला. तिची वेणीही रोज सकाळी आत्याच घालायची. एका हातानं वेणी पडत नाही. मला वाटायचं, शेजारधर्म.

कारखान्याचं उत्तर आलं. मैना काम संपल्यावर गंमत म्हणून मशीनजवळ गेली होती, असा एक कागद त्यांनी जोडला होता. तारखेच्या आदल्या दिवशी आत्या माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"त्या कागदावर साक्षीदार म्हनून अंगठा माझा हाय, गुरुजी. कारखान्याचा सायब म्हनला, दवाखान्याचा कागद हाय. मी दिला. मैनाला ठाव न्हाई."

"मग आता?"

"उद्या सांगनार हाय. त्याबिगर तिला न्याय न्हाई. मग ती मला दारात उभी करती का न्हाई, काय की."

तीन वर्षं मी या बाईला हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या कोर्टात आत्यानं मैनासमोर सगळं सांगितलं. कारकुनानं जबाब टाइप करून शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिनं ते मागं सारलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. न्यायाधीश साहेब घड्याळ बघत होते. एका जागी बोट थांबलं.

"मैना मशीनकडं 'गेली' न्हाई. 'पाठवली' लिवा. सुपरवायझरनं पाठवली, ड्युटीवर असताना. माझ्यासमोर."

कागद पुन्हा टाइप झाला. तिनं पुन्हा वाचला, उलटून मागचं पाहिलं, आणि मग सावकाश पूर्ण नाव लिहिलं. तिनं कुठं सही केलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाहेर आलो तर मैना पायरीवर पाठ करून बसली होती. आत्या तिच्या मागं दोन पावलांवर पिशवी छातीशी धरून उभी राहिली. पुढं जाईना, मागं येईना. पुढची तारीख मिळाली होती, पण ती विचारायचं दोघींनाही सुचलं नाही. बऱ्याच वेळानं मैना मान न वळवता म्हणाली, "येड्यावानी उभी काय राहालीस. वेणी सुटली माझी."

आत्यानं पिशवीतलं कायद्याचं पुस्तक बाजूला सारलं आणि खालून फणी काढली.