एकोणपन्नासावा दात

"आजपासून या ऑफिसात बटण एकदाच दाबलं जाईल!" असं मुकादमाने बुधवारी सकाळी दहा वाजता छाती फुगवून जाहीर केलं, आणि झालंही तसंच. त्या सकाळी बटण एकदाच दाबलं गेलं. पुढचा सगळा घोळ त्या एकाच दाबण्याचा.

मुकादम हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि ही कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवायची. भेटीच्या वेळा, एक्स-रेचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, पेशंटना जाणारे निरोप असे त्या प्रोग्रामचे नऊ तुकडे होते. प्रत्येक तुकड्याचं बिल्ड वेगळं. बिल्ड म्हणजे इंजिनिअर मंडळींनी लिहिलेलं सगळं मशीनकडून जुळवून, तपासून, चालतं सॉफ्टवेअर तयार करून घेणं. पहिलं बिल्ड लावायचं, ते संपेपर्यंत स्क्रीनकडे डोळे लावून बसायचं, मग दुसरं, मग तिसरं. मजुरांच्या मागे उभं राहून काम उरकून घ्यावं तसा हा गडी सहा वर्षं बिल्डांच्या मागे उभा होता, म्हणून मुकादम. बटणं दाबून दाबून आपली उजवी तर्जनी डावीपेक्षा जाड झाली आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

शेवटी त्याने अक्कल लढवली. नऊ बिल्डांच्या डोक्यावर त्याने एक मोठं बिल्ड बसवलं. त्याला म्हणतात पालक बिल्ड. हे एक चालू केलं की ते खालच्या नऊ पोरांना एकेक हाक मारून कामाला जुंपणार. पण नऊ नावं लिहायचासुद्धा मुकादमाला कंटाळा! त्याने पालकाला सरळ हुकूम दिला: आपल्या फोल्डरच्या पोटात जेवढे फोल्डर असतील तेवढे उघड, आणि ज्यात बिल्ड सापडेल ते चालव. वर आणखी शहाणपण असं की, एखादं मध्येच पडलं तर हार मानू नकोस, पुन्हा लाव.

"खाली नेमकं काय काय पडलंय ते पाहिलंस का?" टेस्टरबाईने विचारलं. ही शेजारच्या टेबलावर बसायची. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या, हा तिचा हुद्दा. आणि हुद्द्यावर तिचं मनापासून प्रेम.

"पाहायचंय काय? नऊ तुकडे आहेत, नऊ चालतील."

"आणि दहावा निघाला तर?"

"तर तोही चालेल! आपण कशाला पंक्तिप्रपंच करायचा?"

"अरे, साहेब आज बारा वाजता मोठ्या डॉक्टरांना नवा प्रोग्राम दाखवणार आहेत. आजच्या दिवशी हे प्रयोग?"

"आजच! बाराच्या आत ताजं बिल्ड साहेबांच्या हातात! साहेब खूश, डॉक्टर खूश."

डॉक्टर खूश होणं फार गरजेचं होतं. त्यांचे सहा दवाखाने होते आणि अकरा हजार पेशंट. त्या अकरा हजारांची यादी आणि मुख्य दवाखान्याचं नाव-पत्ता असं सगळं आदल्याच दिवशी मुकादमाने स्वतःच्या हाताने मशीनवर चढवलं होतं. हे गिऱ्हाईक हातचं गेलं असतं, तर साहेबांनी कंपनीला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकली असती.

मुकादमाने बटण दाबलं, खुर्ची मागे ढकलली आणि जन्मात पहिल्यांदा कामाच्या वेळात ऐटीत चहाला गेला. दुसरा घोट घेतोय तोच फोन वाजला. सासूबाई!

"जावईबापू, माझा दात काढायचं कुणी ठरवलं?"

"कुठला दात, आई?"

"आधी एक नंबरचा होता. मग दोन नंबरचा. आता तीन आलाय. ऐका! 'आज दुपारी बारा वाजता आपला दात क्रमांक तीन काढण्यात येईल. काही न खाता यावे.' आणि खाली दवाखान्याचा पत्ता."

सासूबाईंच्या तोंडात गेली चार वर्षं स्वतःचा एकही दात नव्हता. कवळी होती, पण ती टोचते म्हणून बहुतेक वेळ वाटीतच मुक्कामाला असायची.

"आई, हल्ली असले खोटे मेसेज फार येतात. तुम्ही लक्ष देऊ नका."

"लक्ष कसं नको देऊ? हा बघा, चौथा आला! अहो, मला काढण्यासारखं तोंडात राहिलंय काय? जीभ?"

मुकादमाने कशीबशी समजूत घालून फोन ठेवला. फोन पुन्हा वाजला, तो त्याने उलटा करून ठेवला. तिसऱ्या घोटाला दारात टेस्टरबाई उभी. तिच्या चेहऱ्यावर चूक सापडल्याचा नेहमीचा आनंद नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मुकादम, दहावा निघाला."

दोघं धावत टेबलापाशी आले. स्क्रीनवर ओळी सरसर वर चढत होत्या. 'पालक सुरू. निरोप-चाचणी सुरू. निरोप गेले. पालक सुरू. निरोप-चाचणी सुरू. निरोप गेले.' खऱ्या नऊ तुकड्यांपैकी एकाचाही नंबर अजून लागला नव्हता!

हे निरोप-चाचणी प्रकरण कुणाचं, ते उघडून पाहिल्यावर कळलं. चार वर्षांपूर्वी ऑफिसात एक दाढीवाला होता. पेशंटना निरोप नीट जातात का ते तपासायला त्याने हे बिल्ड बनवलं, आणि नोकरी सोडताना ते तसंच मागे ठेवून गेला. प्रत्येक खेपेला ते एक नमुन्याचा निरोप पाठवायचं, आणि दाताचा क्रमांक दर खेपेला एकाने वाढवायचं. आणि सगळ्यात शेवटी लिहिलेलं: 'वरच्या फोल्डरात जे बिल्ड असेल ते चालव.' त्या काळी वरच्या फोल्डरात केरकचरा साफ करणारं एक गरीब बिल्ड होतं. आज तिथे मुकादमाचा पालक मांडी ठोकून बसला होता!

"म्हणजे बाप पोराला हाक मारतोय," टेस्टरबाई म्हणाली, "आणि पोरगं बापाला."

"आणि दर हाकेला एक निरोप सुटतोय."

"कुणाला?"

मुकादमाला काल स्वतःच चढवलेली यादी आठवली. अकरा हजार माणसं! काही न खाता, दात काढून घ्यायला, बारा वाजता, एका दारात!

"यादी उघड! कुठली यादी घेतोय ते बघ!"

"उघडेल तर ना! मशीन गाळात रुतलंय."

मुकादमाने चालू असलेलं एक बिल्ड मारलं, म्हणजे मध्येच बंद पाडलं. स्क्रीनवर ओळ आली: 'पडलं. हरकत नाही, पुन्हा लावत आहे.' दुसरं मारलं. 'हरकत नाही, पुन्हा लावत आहे.' तिसरं मारलं, तर दोन उभी राहिली.

"हा चिवटपणा त्याला कुणी शिकवला?" टेस्टरबाई ओरडली.

"मीच!"

आता एकच उपाय उरला होता. मुकादम खाली धावला. बिल्डं चालवणारं मशीन जिन्याखालच्या कपाटात होतं आणि कपाटातून विजेच्या तीन सारख्याच काळ्या वायरी बाहेर आल्या होत्या. पहिली उपटली, तर बाहेरच्या खोलीतली माशांची काचपेटी अंधारात बुडाली. दुसरी उपटली, तर वरून टेस्टरबाईचा आवाज आला, "मुकादम! माझी स्क्रीन गेली!" तिसरी त्याने डोळे मिटून उपटली. कपाटातली घरघर थांबली. इतकी शांतता पसरली की माशांनीही वळून पाहिलं असावं.

मुकादम वर आला आणि खुर्चीत कोसळला. मशीन पुन्हा चालू करून यादी बघावी, तर पुन्हा निरोप सुटायची भीती. कुणाची हात लावायची छाती होईना.

"तुझ्या सासूबाई त्या डॉक्टरांच्या पेशंट आहेत का?" टेस्टरबाईने विचारलं.

"असतीलही! कवळी कुठून तरी आणलीच असेल ना! जावयाला सासूच्या तोंडाची एवढी माहिती कुठून असणार?"

त्याने सासूबाईंना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. उचलेनात. सव्वाअकराला त्याचाच फोन वाजला, आणि पलीकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचलेले साहेब होते. साहेब कुजबुजत होते. पण अशी कुजबुज, की शेजारच्या इमारतीत ऐकू जावी.

"मुकादम! इथे माणसं यायला लागलीयेत! सगळ्यांना आपला एकोणपन्नास नंबरचा दात काढायचाय म्हणे!"

"किती जण आहेत, साहेब?"

"पाच. नाही, सहा. थांब, दार उघडलं... सात!"

अकरा हजारांतून सात वजा केले. दहा हजार नऊशे त्र्याण्णव वाटेत! मुकादमाच्या डोळ्यांसमोर रस्ताभर गाल धरून चाललेली माणसं उभी राहिली. मागून एक भारदस्त आवाज गरजला, तो डॉक्टरांचा.

"अहो, बत्तिशी म्हणतात तिला! बत्तिशी! एकोणपन्नासावा दात मी आणू कुठून?"

पळून जायचा विचार मनात आला नाही असं नाही. पण तो उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे. खाली काय आहे ते न बघता मी सगळं चालवलं. निरोप इथूनच गेले. डॉक्टरांना माझं नाव सांगा."

टेस्टरबाईने त्याच्या हातातून फोन घेतला. "साहेब, जरा बघून सांगता का, माणसं आहेत कशी?"

"माणसांसारखी माणसं आहेत! एक आजीबाई आहेत. तोंडात एक दात नाही आणि आवाज असा की खिडक्या हलतायत. म्हणतायत, आधी जावयाला बोलवा."

मुकादमाने मान वर केली.

"आणखी?"

"एक उंच गृहस्थ आहेत, टक्कल आहे, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. म्हणतात, बायको याच धंद्यात आहे, तिला विचारून सांगतो."

"अगंबाई, आमचे हे!" टेस्टरबाई म्हणाली. "आणि साहेब, आणखी?"

"एक बाई कोपऱ्यात बसल्यायत. त्यांना... त्यांना मी ओळखतो."

"कोण आहेत?"

साहेबांचा आवाज आता खरोखरच कुजबुजीवर आला.

"माझी बायको. सकाळपासून मी तिचा फोन उचलला नाही, म्हणून चालत आलीय."

मुकादम आणि टेस्टरबाई, दोघांची एकदमच ट्यूब पेटली. दाढीवाल्याने तेव्हा ऑफिसभर फिरून प्रत्येकाकडे घरचा एकेक नंबर मागितला होता. आलेला मेसेज नक्की वाचेल अशा माणसाचा. मुकादमाने सासूबाईंचा दिला होता, कारण त्या आलेला प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचतात, दोनदा.

धावत खाली जाऊन त्यांनी इंटरनेटची वायर काढली, मशीन चालू केलं आणि यादी उघडली. यादीला नाव दिलं होतं 'आपली माणसं'. खाली मोजून सात नंबर! त्या अकरा हजारांच्या यादीला कुणी बोटही लावलं नव्हतं.

मुकादम जिन्याच्या पायरीवरच बसला. हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही करून पाहिलं. टेस्टरबाईने मुकाट्याने माशांची वायर पुन्हा लावली आणि त्याच्या शेजारी टेकली. "वाचलास," एवढंच ती म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच!

साडेबाराला साहेबांचा पुन्हा फोन आला. मुकादमाने देवाचं नाव घेऊन उचलला.

"डॉक्टरांनी प्रोग्राम घेतला!"

"काय?"

"सहाही दवाखान्यांसाठी! ते म्हणाले, माझे पेशंट दाढ ठणकत असली तरी दहा निरोपांना दाद देत नाहीत. आणि तुमच्या निरोपाने सात माणसं आली, एकाचाही दात दुखत नसताना! एकीला तर दातच नाहीत! फक्त म्हणाले, एकोणपन्नास नकोत, दोन पुरेत. आणि मुकादम..."

"हो, साहेब?"

"चूक आपण होऊन कबूल केलीस, ते डॉक्टरांनी ऐकलं. फोन चुकून स्पीकरवर होता. आता नऊ नावं नीट लिहून काढ. हाताने!"

दुपारी त्याने नऊ नावं लिहिली, दाढीवाल्याचा फोल्डर बाहेर काढला आणि तो 'पुन्हा लाव'वाला चिवटपणा पुसून टाकला. टेस्टरबाई खांद्यावरून बघत होती. एक नाव दोनदा लिहिलेलं तिने पकडलंच. मग बटण दाबलं. नऊ पोरं ओळीने आली, ओळीने गेली, आणि पालक गुमान थांबला. मुकादम चहाला गेला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत स्क्रीनसमोर उभा राहिला.

संध्याकाळी घरी पोचला तो खालमानेने. जेवणाच्या टेबलाशी बायको हसू दाबत बसली होती आणि तिच्या शेजारी सासूबाई. सासूबाई सफरचंद खात होत्या. चिरलेलं नव्हे, अख्खं! करकर आवाज येत होता.

"भांडायला गेले होते," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टर गुणी निघाले. म्हणाले, भांडा, पण आधी कवळी दाखवा. इथे जरा घासली, तिथे जरा घासली, टोचायची थांबली! चार वर्षं मी उगाच लापशी गिळत बसले, जावईबापू."

मुकादमाला इतकं हलकं वाटलं की तो सासूबाईंच्या पाया पडायलाच वाकला.

"राहू द्या, राहू द्या," त्या म्हणाल्या. "आणि हो, तुमच्या त्या दुखऱ्या दाढेचं मी डॉक्टरांच्या कानावर घातलंय. वर्षभर लपवून ठेवलीत, लेकीने सगळं सांगितलं मला."

मुकादमाचा हात गालावर जातोय न जातोय तोच खिशात फोन थरथरला. 'शुक्रवारी सकाळी दहा वाजता आपली दाढ काढण्यात येईल. काही न खाता यावे.'

त्याने तो निरोप तीनदा वाचला. मग टेस्टरबाईला फोन करून विचारलं, ऑफिसातून चुकून काही सुटलंय का?

नव्हतं सुटलं. हा खराच होता.