तायडेकाकांचे ससे

तायडेकाका कम्प्युटरला स्टेथोस्कोप लावून बसलेले मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा दारातूनच परत फिरणार होते. पण त्यांनी एक बोट वर करून मला थांबवलं. डोळे मिटून, मान तिरकी करून ते त्या काळ्या डब्याच्या बरगड्या ऐकत होते. मग कानातल्या नळ्या काढून गंभीरपणे म्हणाले, "धाप लागून राह्यली त्याले. पंख्यात कचरा आहे."

पंख्यात खरंच कचरा होता. शिवाय एक वाळलेली पाल होती.

तायडेकाका आमचे शेजारी. कामरगावात बसस्टँडच्या मागे आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते जन्मभर पट्टीबंधक होते. म्हणजे इंजेक्शन डॉक्टर देणार आणि बैल तायडेकाका धरणार. रिटायर झाले, पण सवय काही सुटली नाही. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यांनी आधी त्याच्या पोटावर हात ठेवून पाहिला. माझ्या स्कुटीच्या सायलेन्सरला ते उलटा हात लावून ताप बघतात. कोणी काहीही सांगायला गेलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "लक्षणं सांगा." एकदा माझ्या नवऱ्याने त्यांना जेवायला बोलावलं, तर म्हणाले, "लक्षणं सांगा." नवरा म्हणाला, "वांग्याची भाजी, भाकर." काका म्हणाले, "येतो."

त्यांच्याकडे एक वही आहे, तिला ते केसपेपर म्हणतात. त्यात कम्प्युटरचं पान मी स्वतः वाचलंय. "रुग्ण: कम्प्युटर. रंग: काळा. वय: प्रशिक बारावीत होता तेव्हापासून. स्वभाव: गरीब."

प्रशिक त्यांचा मुलगा. तो नोकरीला पुण्याला गेला आणि कम्प्युटर मागे राहिला. गेल्या वर्षी तो पार बसला. काकांनी तो कारंज्याला एका दुकानात नेला. दुकानदार चांगला माणूस. त्याने जुन्या फायली वाचवून पेन ड्राइव्हमध्ये भरून दिल्या आणि म्हणाला, काका, आता नवं विंडोज या म्हाताऱ्याला पेलायचं नाही, लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, अंगाने हलकं आहे.

हलकं होतं खरं. सगळं चालायला लागलं. गाणी लागली, फोटो दिसले. फक्त सशाचा गेम लागेना.

हा गेम म्हणजे कोबीचा एक वाफा. कोबीमागून ससे डोकं काढतात. माऊसने टोपली नेऊन पटकन त्यांच्यावर टाकायची, की ससा सापडला. बस्स, एवढाच. प्रशिक बारावीत असताना कुठल्याशा सीडीतून आला होता. आणि साठी उलटलेले, दारूबंदी समितीचे अध्यक्ष, दोन हातभट्ट्या स्वतः उभं राहून फोडायला लावणारे तायडेकाका त्या गेमसाठी जेवण सोडून बसले होते.

मी कारंज्याच्या शाळेत क्लार्क आहे. मला कम्प्युटरवर फॉर्म भरता येतात, एवढ्यावरून काकांनी मला तज्ज्ञ डॉक्टर नेमलं.

"वंदना, पोरी, याच्यावर दोनदा टिचकी मारून पाय."

मारली. ससा लागला नाही. एक खिडकी उघडली आणि तिच्यात गेमची आतडी दिसली, नुसत्या फायलीच फायली.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "जनावर जितं हाये आन् हे पोट फाडून दाखवते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराला फोन लावला. काकांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. आणि घरात रेंज नसते, म्हणून ते बसस्टँडवर उभं राहून बोलतात. पुढचं मी स्वतः ऐकलंय, कारण मी साडेनऊच्या गाडीची वाट बघत होते. माझ्यासोबत सारं गाव बघत होतं.

"म्हंजे वाईन टाकल्याबिगर थो चालतच नाही म्हनता?" काकांनी विचारलं.

"नाही चालत काका," फोन ओरडला. "आधी वाईन टाका, मग चालू करा."

"किती टाकू?"

"एकदाच टाकायची. मग रोज चालते."

"काही तरास नाही ना होनार?"

"काही नाही हो! मी स्वतः टाकतो."

चहाच्या टपरीवर कप हवेत थांबले. जीपवाल्याने "कारंजा, कारंजा" ओरडणं बंद केलं. काका शांतपणे फोन खिशात ठेवून म्हणाले, "चाला, इलाज भेटला," आणि घरी निघून गेले.

संध्याकाळी विहारात समितीची तातडीची बैठक बसली. खंडारे गुरुजी समितीचे सचिव, शब्दाला पक्के माणूस. ते म्हणाले, "तायडेभाऊ, तुमी अध्यक्ष. तुमीच टाकाले लागले तं पोट्ट्यायले काय तोंडानं सांगाव?"

काकांनी घसा खाकरला. "गुरुजी, लक्षणं आयका. कम्प्युटर लिनक्सवाला. ससा विंडोजवाला. याची भाषा त्याले समजत नाही. मधात एक दुभाषा लागते. त्या दुभाष्याचं नाव वाईन."

"दुभाष्याले दुसरं नाव नाही भेटलं?" गुरुजी म्हणाले. "रमेश ठेवाचं."

बराच वेळ खल झाला. शेवटी ठरलं की समितीचे तीन सदस्य समक्ष हजर राहून वाईन टाकताना पाहतील, आणि पटलं तर परवानगी देतील. मला तज्ज्ञ म्हणून बोलावणं आलं.

रविवारी सकाळी समिती तायडेकाकांच्या ओट्यावरून आत आली. खुर्च्या मांडल्या गेल्या. आत भिंतीकडे तोंड करून काकू पडल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं थोडं आलं, उजवा हात मात्र यायला तयार नव्हता. बोटांच्या व्यायामासाठी अकोल्याच्या डॉक्टरने रबरी चेंडू दिला होता. तो काकूंनी माझ्या अंगणात फेकला. मी तीनदा नेऊन दिला, चौथ्यांदा तो शेळीने खाल्ला. गावातली वाईनची बातमी त्यांच्या कानावर आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पिऊ द्या. घरात काही तरी होऊ द्या."

तर कम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी मी उघडली आणि दुकानदाराने लिहून दिलेली ओळ टाकली. कम्प्युटरने पासवर्ड मागितला. काका पुढे सरसावले, एका बोटाने बटणं दाबू लागले आणि थबकले.

"लिहून राह्यलो, पन दिसून नाही राह्यलं."

"तो दाखवत नाही काका. मुद्दाम लपवतो."

"काहून? माह्या घरात, माह्याच पासून?"

त्यांचा विश्वास बसेना. कीबोर्डला स्टेथोस्कोप लावून झाला. मग चूक नको म्हणून त्यांनी प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारत पासवर्ड टाकला. "टी... ए... एम... बी... डी... आय." तांबडी. एक गाय. आडव्या आलेल्या वासरासकट ती वाचवली होती, ती कथा त्यांनी समितीला तिथल्या तिथे सांगितली. दुपारपर्यंत पासवर्ड गल्लीला पाठ झाला. मी म्हटलं बदला, तर त्यांनी बदलला आणि लोकांनी विचारलं म्हणून नवाही सांगून टाकला.

वाईन मुकाट्याने आत गेली. कुठे वास नाही, काही नाही. गुरुजींच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. "नावाचाच घोळ होता मनाव," ते म्हणाले. तेवढ्यात मी यादी उघडली आणि नव्या प्रोग्रामचं चित्र झळकलं: लालभडक दारूने भरलेला, तिरका झालेला काचेचा प्याला.

समिती उभी राहिली.

काकांनी पडद्यावरच्या प्याल्यावर तळहात ठेवला. अखेर मीच म्हटलं, चित्र बदलता येतं. लिनक्समध्ये मला आजही खात्रीने येतं ते एवढंच काम. मी प्याल्याच्या जागी पितळी तांब्याचं चित्र लावलं. गुरुजींनी नावाबद्दलही ठराव मांडला, आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीत त्या प्रोग्रामला सरबत म्हणतात.

सरबत टाकल्यावर ससे आले, पण अर्धेच. सगळा पडदा काळा, आणि मधूनच वर दोन-दोन कान. वाफा नाही, कोबी नाही, टोपली नाही. केसपेपरवर नोंद झाली: "रुग्णास सरबत दिले. कान दिसतात. धड नाही."

त्यानंतर तीन आठवडे तायडेकाका कानांच्या मागे होते. सरबत काढायचे, परत टाकायचे. एकदा कम्प्युटर टॉवेलात गुंडाळून, आजारी करडू मांडीवर घ्यावं तसा घेऊन जीपने कारंज्याला गेले. त्याच जीपमध्ये मी होते. बाजूच्या बाईने टॉवेलकडे बघून हळूच विचारलं, "लई दिवसाचं बिमार हाये का?" काका म्हणाले, "दूध घेते, पन डोये उघडत नाही." दुकानदाराने शेवटचं सांगितलं: काका, नवी मशीन घ्या. काका उठलेच. "म्हातारा झाला म्हून बैल बदलाचा असते काय?"

परत येताना मी म्हटलं, "काका, एवढा जीव कशाला काढता? मोबाईलवर असे शंभर गेम आहेत. मी देते टाकून."

ते एकदम चिडले. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी चिडले नव्हते. "मोबाईलाले माऊस असते काय? मुठीत धरा लागते असं काही असते काय त्याले?" आणि कामरगाव येईपर्यंत बाहेर कपाशीकडे बघत बसले. मला वाटलं, म्हातारा आता खरंच भ्रमिष्ट झाला.

औषध शेवटी मलाच सापडलं. शाळेत जेवणाच्या सुट्टीत फोनवर शोधत होते. अशाच कोण्या हैराण माणसाने कुठेतरी लिहिलं होतं की जुना गेम सारा पडदा मागतो, आणि नव्या यंत्रात गडबडतो. तर त्याला सरबताच्या सेटिंगमधून एक छोटी, खोटी चौकट करून द्या. त्याला वाटतं हेच आपलं जुनं घर, आणि तो निवांत खेळतो. मी ते चिठ्ठीवर उतरवून घेतलं आणि शनिवारी दुपारी तायडेकाकांकडे गेले.

एका चौकोनात बरोबरची खूण केली. गेम लावला.

हिरवागार वाफा उगवला. कोबी आला, टोपली आली, आणि कोबीमागून एक अख्खा ससा वर आला, धडासकट.

मला वाटलं काका उड्या मारतील. त्यांनी आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली आणि खेळायला बसले. इतकं वाईट खेळताना मी कोणालाही पाहिलेलं नाही. ससा उजवीकडे, टोपली डावीकडे. समोर बसलेला ससाही त्यांनी सोडला. आणि प्रत्येक वेळी मोठमोठ्याने बोलणं: "आरे बाप्पा! हाही गेला! कोठी गेला?"

"डावीकडं," आतून आवाज आला.

काकांनी टोपली उजवीकडे नेली.

"डावीकडं वो! आंधळे झाले काय?"

"दिसूनच नाही राह्यलं मले."

खाट करकरली. भिंतीला धरत, पाय ओढत काकू दारात आल्या. काकांनी आणखी दोन ससे सोडले. काकूंना ते बघवेना. "व्हा तिकडं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. डावा हात माऊसकडे गेला.

"डाव्यानं नाही चालत," काका म्हणाले. "या सरबताले उजवाच हात लागते. वंदनाले विचार."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

काकू कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. ससे येत होते, जात होते. मग त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा माऊसवर ठेवला. पहिले पाच-सात ससे पळाले. टोपली थरथरत होती. आणि मग एक मठ्ठ ससा नको तेवढा वेळ थांबला, बोट दाबलं गेलं, टोपली पडली.

मी निघाले तसे काका मला सोडायला ओट्यापर्यंत आले.

"काका, डाव्या हातानंही चालतं ते," मी हळूच म्हटलं.

"मले मालूम हाये. तिले सांगू नको." मग खाली पायरीकडे बघत म्हणाले, "दवाखान्यात वाचा आली ना तिले, तं पयलं काय इचारलं मालूम? ससे हायेत का. मले काही समजे ना. मंग प्रशिकनं फोनवर सांगतलं, आई रोज दुपारी खेयत होती म्हने. किती वर्सं! आन् मी इकडं गावभर जनावरायचं इचारत फिरलो. घरी कधी इचारलंच नाही, दुपारी एकली काय करत असतं म्हून."

गेमला अजून आवाज आलेला नाही. पूर्वी ससा सापडला की तो चिरक्या आवाजात ओरडायचा, असं काकू सांगतात. मी पुष्कळ खटपट केली, दुकानदारानेही केली. आता काकू रोज दुपारी खेळायला बसतात आणि तायडेकाका बाजूला स्टूल घेऊन. भिंतीपलीकडे मला सुटीच्या दिवशी सगळं ऐकू येतं. बराच वेळ शांतता असते. मग टक्, असं एक बटण वाजतं, आणि लगेच मागून तायडेकाका जिवाच्या आकांताने ओरडतात, "चीं!"