चार नंबरची आजी

मावशी वृद्धाश्रमात आयाचं काम करायच्या. त्या दिवशी त्या चार नंबरच्या खाटेवर टेकल्या त्या फक्त दोन मिनिटांसाठी. सकाळपासून सात जणींच्या अंघोळी उरकून मावशींच्या कमरेनं संप पुकारला होता. खाटेच्या मालकीणबाई, म्हणजे एके काळच्या मुख्याध्यापिका, ब्लँकेट वाटायला पाहुणे येणार म्हणून बाथरूमला आतून कडी लावून बसल्या होत्या. "गेल्या वर्षीचंच अजून टोचतंय," असं त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात व्यवस्थापक पाहुण्यांना घेऊन आत आले. सोबत फोटोवाला. पाहुण्यांतल्या पुढच्या बाईंनी मावशींच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं.

"आजी, बऱ्या आहात ना?"

"अहो, मी कसली आजी! मी इथं कामाला..."

व्यवस्थापकांनी डोळे वटारले. खाट रिकामी दिसली असती तर प्रश्न आले असते. "कामाची फार सवय हो त्यांना," ते घाईघाईनं म्हणाले.

"मुलगा येतो का भेटायला?"

"तो कशाला येईल? मीच जाते की रोज संध्याकाळी घरी."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बिचाऱ्या! रोज घरी जाते म्हणतात!"

इतक्यात नऊ नंबरची घंटा वाजली. मावशी ताडकन उठल्या, तशी पाहुण्यांतल्या दोघींनी दंडाला धरून त्यांना खाली बसवलं.

"सोडा मला! नऊ नंबरच्या आजींना लघवीचं भांडं द्यायचंय!"

"पळायला बघतात का हो?"

"अधूनमधून," व्यवस्थापक म्हणाले.

गलका ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. मावशींना हायसं वाटलं. मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून सगळा प्रकार न्याहाळला. रोज पहाटे गार हातांनी आपलं पांघरूण ओढणारी आज बरी तावडीत सापडली होती.

"केळं भरवा त्यांना," त्या म्हणाल्या, "म्हणजे गप्प बसतात."

केळं भरवलं गेलं. फोटो निघाला. घंटाही थांबली, नऊ नंबरला आता भांड्याची घाई उरली नव्हती. पाहुणे गेल्यावर तिथली चादर, गादी आणि फरशी धुणं मावशींच्याच वाट्याला आलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मावशी झळकल्या. तोंडात केळं, खाली ओळ: 'डोळे लेकाच्या वाटेकडे'. लेक समोरच चहा पीत होता. त्यानं ते दोनदा वाचलं. मावशींनी ओळखलं, पोरगा आता तडक जाऊन व्यवस्थापकांची गचांडी धरणार! मनातून जरा बरंही वाटलं. आपल्यासाठी कुणीतरी भांडणार होतं.

लेकानं पेपर बायकोकडे सरकवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आई, खोली चांगली हवेशीर दिसते गं."

"आहे."

"कामावरच्या माणसांचा नंबर आधी लागत असेल ना?"

मावशींनी कप विसळला. "लागतो की. पण यादी लांबलचक आहे. तुझंही नाव आत्ताच घालून ठेवू?"

निदान आता तरी लाजेल, असं त्यांना वाटलं. लेक विचारात पडला.

"जोडप्याला वेगळी खोली मिळते का," तो म्हणाला, "तेवढं विचारून ये."