वासुदेव मास्तरांची पुढच्या जमान्यातली मोटार

‘समस्त प्रवासी मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ड्रायव्हरशी बोलणे आजपासून कायमचे बंद झाले आहे. हुकमावरून.’

देशात संस्थानं विलीन होत होती, त्या दिवसांत शनवारा दरवाज्यापाशी उभ्या राहणाऱ्या एका भाड्याच्या मोटारीत ही पाटी झळकली. पाटी रंगवणारे आमचे शेजारी, चित्रकलेचे वासुदेव मास्तर. मोटार धूलकोटला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाची, नानांची. नाना मोटार चालवत, मास्तर तिच्यात भविष्य बसवत.

“पुढच्या जमान्यात मोटारच ड्रायव्हरला सांभाळून घेईल!” हे त्यांचं पालुपद.

उतरायचंय? ओरडायचं नाही. केळीच्या सोपटाची दोरी ओढायची, की स्टिअरिंगपुढे तांबडी चकती टपकन उभी राही. मागून गाडी आली, निळी. मळमळतंय, तर पिवळी. तिच्यावर मास्तरांनी ओकणारा माणूस इतका हुबेहूब काढला होता, की तो बघून शेजारच्यालाही मळमळायला लागे. शिवाय न्हाव्याकडून आणलेला हा भला मोठा आरसा. नाना धूलकोटला निघालेत की दाढीला, कळत नसे.

एका रविवारी मी मागच्या बाकावर होतो. शेजारी मास्तर, तपासणीला. माझ्या अंगात खोड्या फार. नानांना हुकूम मोडायला लावायचाच म्हणून मी एकदम बोंब ठोकली, “नाना, चाक निखळलं!”

नाना निवांत.

“अहो नाना, मागचं चाक!”

मान वळली नाही, की आरशात भुवई हलली नाही. मी हसत मास्तरांकडे वळलो, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलेलं. चेहरा पांढराफटक.

“हळू बोला,” ते पुटपुटले. “मागच्या तापात नानाचे कान गेले. लोकांना कळलं तर मोटारीत बसेल कोण? आणि मोटार हातची सुटली तर नाना जगायचा नाही हो.” डोळ्यांत पाणी.

पुढे नाना आपल्याच नादात, झकास वळण घेत होते.

मधल्या बाकावरची भाजीवाली सारजाबाई टोपलीसकट वळली आणि मास्तरांवर खेकसली,

“रडता काय मास्तर! आमाले समद्याइले पैलेपासून मालूम हाय. नाही तं तुमच्या ह्या दोऱ्या वढाले आमी काय येडे हावो?”